लितानीतून सुटलेला संत

पास्काचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा, सण होऊन महिना होत आला, आणि कर्जतची हकीकत लिहीन लिहीन म्हणता आज कुठे बसलोय. मध्ये आंबे आले, एका ओळखीच्या मचव्यातून रेवसला जाऊन आलो, दौतीतली शाई वाळली. आळसच, दुसरं काय!

निघालो तो आईच्या सांगण्यावरून. माझा पेद्रूकाका पळसदरीला रेल्वेत सांधेवाला आहे. पूर्वी उरणला आमच्या अंगणातल्या क्रुसापुढं लितानी तोच म्हणायचा. एकानं संतांची नावं घ्यायची, बाकीच्यांनी मागून उत्तर द्यायचं. एका संध्याकाळी त्याच्याकडून संत अंतोन सुटला. अंतोन म्हणजे आमच्या घरचा संत! बाबांनी भर माणसांत त्याला थांबवलं, "परत म्हण" म्हणाले. काका उठला तो गेलाच. भावांचं बोलणं तुटलं, आणि काकानं कुमसारही सोडला. पाद्रीबाबांपुढं पापं सांगायची तर आधी भावाला माफ करायला हवं, ते त्याच्यानं होईना. यंदा काकाच्या छातीत कळा येऊ लागल्या तेव्हा काकीनं आईला निरोप धाडला : "बिनकुमसाराचा गेला तर मी काय करू गं? पास्काच्या दिवसांत तरी कुनाला पाठव."

भरतीला पनवेलचा मचवा धरला, तिथून खोपोलीची सर्विस मोटार. जाणाऱ्यांनी पुढची जागा मागून घ्यावी, मागं बसलात तर उतरेपर्यंत तुम्ही आणि धूळ एकाच रंगाचे. खालापूरला मोटार पाणी भरायला थांबली. झाडाखाली एक ठाकरीण करवंदं घेऊन बसलेली. मी चव बघायला म्हणून टेकलो.

"आंबट हायेत," मी म्हटलं.

"मग द्रोण रिकामा कसा झाला रं दादा?"

ती हसली, मी हसलो, आणि मोटार गेली. टपावरची माझी ट्रंक मोटारीबरोबर. बगलेतली पिशवी तेवढी उरली. तिच्यात आईनं सणाचे तळलेले गोड फुगे आणि पास्काच्या तीर्थाची बाटली होती. गवताच्या एका बैलगाडीनं साजगावावरून खोपोलीला पोचवलं. डोंगरावरून उतरणारे विजेच्या कारखान्याचे लठ्ठ नळ बघून मान दुखली. स्टेशनाबाहेर मोटारवाला माझ्या ट्रंकेवर बसून विडी ओढत होता. "खाल्ली का करवंदं?" एवढंच म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीनं पळसदरी गाठलं. काकानं दारातच विचारलं, "बापानं धाडला?"

"आईनं."

"तरीच."

काकीनं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. जेवणाआधी प्रार्थनेला उभे राहिलो. "जशी आम्ही क्षमा करतो" आलं तिथं काकाचा आवाज बंद. पुढच्या ओळीला परत सुरू. काकीनं माझ्याकडं पाहिलं.

पास्कानंतरच्या रविवारी कर्जतला रेल्वेच्या एका गोवेकर ड्रायव्हरच्या ओसरीवर मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, असतो. पाद्रीबाबा आदल्या रात्रीच्या गाडीनं येतात. त्या पहाटे काकाची पाळी संपली, काकी गाडीनं पुढं गेली. मी निघालो तर म्हणाला, "चल, मी बी येतो, पाय मोकळे होतील." रुळांच्या कडेनं चालत गेलो. वाटेत दोनदा तो माघारी वळला. एकदा म्हणे कंदील विसरला, एकदा म्हणे सिग्नल बघायचाय. मी नुसता थांबलो. दोन्ही वेळा तोच परत पुढं झाला.

आंब्याखाली खुर्ची टाकून पाद्रीबाबा कुमसार ऐकत होते. काका रांगेत सगळ्यांना पुढं सोडत राहिला. शेवटी रांगच संपली, तेव्हा गुडघ्यावर बसला. मग उठेचना. मिस्सा खोळंबला.

"पेद्रू, पुरा घाट चढतोस की काय रं?" ड्रायव्हर ओसरीवरून ओरडला. बायका हसल्या. काकी मात्र जपमाळेचा एकच मणी धरून बसलेली.

काका आला तो डोळे पुसत आणि हसत. "बाबा म्हनले, संत अंतोन रागावला नाय, तुमी दोघंच रागावलाय. देवाची दया काय लितानीतलं नाव हाय, सुटायला?"

"आणि प्रायश्चित्त काय दिलं?"

"ते माझ्यापाशी राहू दे."

मिस्सात त्यानं पवित्र भाकर घेतली. काकीनं तिथंच पदर डोळ्यांना लावला. मग घरी येऊन भूक लागल्यासारखे सगळे फुगे तिनं एकटीनं संपवले. परतताना खालापूरला उतरलो नाही, हे मुद्दाम लिहितो.

घरी आईला सगळं सांगितलं. बाबा पलीकडे जाळं विणत राहिले. पण त्या दिवसापासून लितानी म्हणताना अंतोनाच्या नावाआधी जरा थांबतात.

आताही अंगणात लितानी चालू आहे. बाबा त्या जागी येऊन थांबले. आज फारच वेळ थांबले. आणि फाटकाकडून कुणीतरी जाड्या आवाजात म्हणालं, "संत अंतोन."

आई धावत आत आलीय. "दौत ठेव रं आधी! पेद्रूकाका आलाय, काकीला घेऊन!"