न पाहिलेल्या सिनेमांचा जाणकार

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेला वर्गावर होतो. खिशातला मोबाईल थरथरत होता आणि मी तो दोनदा बंद केला, कारण वर्गात मोबाईल वाजला म्हणून शिक्षकांवर सगळ्यात जास्त मीच डाफरतो. तिसऱ्यांदा मात्र व्हरांड्यात जाऊन उचलला. दत्ताच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज होता. "मास्तर, हे सकाळी उठून चहा पिले, पायऱ्यावर बसले... आन् बसले ते बसलेच." मी "येतो" म्हणालो, परत वर्गात गेलो आणि उरलेली चाळीस मिनिटं खुर्चीवर नुसता बसून राहिलो. त्या दिवशी कुणी कॉपी केली असेल तर खुशाल केली असेल. आता महिना सव्वा महिना झाला. दत्तानं मला एक काम सांगितलं होतं, ते मी चार वर्षं टाळलं. ते केल्याशिवाय त्याच्यावर काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात ते केलं, म्हणून हे लिहायला बसलो.

दत्ता म्हणजे मंचरच्या एसटी स्टँडामागचं दोन खुर्च्यांचं सलून. दाढी तो झकास करायचा, केस ठीकठाक कापायचा, खरं सांगायचं तर माझ्या डाव्या कानामागं दर वेळी चार केस राहायचेच, आणि सांगितलं की म्हणायचा, "राहू द्या की मास्तर, पुढल्या बारीला काम नको का?" पण नव्वदच्या दशकात त्याच्याकडं माणसं यायची ती सिनेमा विचारायला. शुक्रवारी टॉकीजला नवा सिनेमा लागला की शनिवारी दत्ताच्या बाकावर जागा मिळायची नाही. कुणी कोणता बघावा आणि मुख्य म्हणजे कुणी बघू नये, हे तो माणूस बघून सांगायचा. ओझरला गणपतीच्या दर्शनाला निघालेलं नवं जोडपं स्टँडावर उतरलं आणि नवरदेव दाढीला आला, तर त्याला म्हणायचा, "पावणं, हा नका दावू वहिनींना, ह्यात सासू लई वाईट हाय. पुढल्या हप्त्यात या." पारगावच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या एका गड्याला त्यानं बजावलं होतं, "तू रडका बघू नको, तुला आधीच घर आठवतंय. मारामारीचा बघ, अंग मोकळं व्हईल." आणि मला? मला म्हणायचा, "तुमी बघूच नका मास्तर. तुमी निम्म्यात चुका काढाल आन् बाजूच्याला बघू द्यायचा नाय." लोकांचा त्याच्या शब्दावर इतका भरवसा की टॉकीजचा डोअरकीपरसुद्धा दाढी करता करता विचारायचा, "दत्ता, चालंल का रं हा?"

आणि या पठ्ठ्यानं त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता! हे फक्त मला ठाऊक होतं. एकदा मी सहज विचारलं, "तू जातोस तरी कधी रे? दिवसभर तर इथंच असतोस." वस्तऱ्याला धार लावता लावता तो हसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जातोय कवा? म्हातारी अंथरुणाला खिळल्याली. सातला शटर वढायचं आन् महाळुंग्याची गाडी धरायची. पन लोकं बघून येत्यात ना, त्यांनला इचारतो." त्याची विचारायची पद्धत मी मग नीट ऐकू लागलो. सिनेमा कसा आहे असं तो कधीच विचारायचा नाही. "गळा कुठं दाटला? हसू खरंखुरं आलं का शेजारचा हसला म्हनून? आन् आईला घिऊन बसता आलं असतं का?" एवढंच विचारायचा, तेही गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस फासून झाल्यावर, म्हणजे माणूस घाईघाईनं बोलत नाही, विचार करून दोनच शब्द बोलतो, असं त्याचं म्हणणं. दोन माणसांचं ऐकल्याशिवाय तिसऱ्याला सांगायचं नाही हा त्याचा नेम होता. एकदा म्हातारीजवळ मावशीला बसवून तो स्वतः एका सिनेमाला गेला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसलेला. "मास्तर, मी ऐकल्याला यापरीस लई भारी व्हता." परत काही तो टॉकीजची पायरी चढला नाही.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. काशिनाथअण्णा घोडेगावच्या पलीकडचे, डोंगराकडच्या अंगाचे, भातखाचरंवाले. बाजारच्या दिवशी तांदूळ घेऊन यायचे आणि दाढी दत्ताकडंच करायचे. त्यांचा धाकटा मुलगा पावसाळ्यात ओढा ओलांडताना वाहून गेला. पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्यानंतर अण्णा वर्षभर खाली उतरले नाहीत. पुन्हा यायला लागले तेव्हा खुर्चीत बसायचे, आरशाकडं न बघता दाढी करून घ्यायचे आणि गाडीची वेळ होईपर्यंत बाकावर गप्प बसून राहायचे. दत्तानं त्यांना बोलतं करायचा चंगच बांधला होता. दर वेळी मला म्हणायचा, "अण्णांजोगा एक सिनेमा घावला पाहिजे, मास्तर. तीन तास तरी मानूस डोक्यातनं भाईर आलं पाहिजे."

त्या शुक्रवारी मी मतमोजणीची ड्युटी संपवून आलो होतो. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरी जायचं सोडून मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, बाराच्या खेळाला जाऊन बसलो. नवाच सिनेमा, पहिलाच खेळ. मोठं घर, आई, दोन भाऊ, धाकटा खोडकर, एक गाणं... एवढं आठवतं. पंखा सुरू होता आणि मी मेल्यासारखा झोपलो. दिवे लागले तेव्हा माणसं उठत होती. तिथून थेट दत्ताच्या खुर्चीत. त्यानं फेस फासला आणि नेहमीचे प्रश्न विचारले. आता, मी पैसे देऊन झोपलो हे सांगायची मला लाज वाटली. मास्तर माणूस ना मी! उत्तर येत नसलं तरी फळ्याकडं तोंड करून काहीतरी लिहायची सवय. मी ठोकून दिलं, "घरगुती आहे. भावाभावांचं प्रेम. हसतखेळत जातो, शेवट गोड." "आईला घिऊन?" "खुशाल." दत्ता खूश झाला. दाढी उरकून मी बाकावर पेपर घेऊन बसलो, तोच अण्णा आत आले. गाडीला चांगला चार तास अवकाश होता. दत्तानं त्यांना खुर्चीत बसूच दिलं नाही. "अण्णा, दाढी मागनं. आदी हा सिनेमा बघून या. बिनघोर जा, माझ्यावर इस्वास हाय ना?" आणि हाताला धरून त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आला. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं, पण नाही बोललो.

तासाभरात अण्णा परत आले. दारातच उभे राहिले. टोपी हातात होती. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "दत्ता, त्यातलं धाकलं पोरगं पान्यात जातंय." सलूनमध्ये पाच-सहा माणसं ऐकत होती. "तू बघितला व्हता का रं?" दत्ताच्या हातात कुणाचातरी गाल होता. तो सोडून त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "नाय अण्णा." बाकावरचा एक जण बोलला, "म्हंजी? आन् आजपातूर आमाला सांगितल्यालं?" "त्यातला एकबी नाय," दत्ता म्हणाला. मग तो अण्णांपुढं गेला आणि भर दुकानात त्यांचे पाय धरले. "चुकी माझी हाय, अण्णा." माझं नाव त्यानं घेतलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अण्णांनी त्याला उठवलं, टोपी घातली आणि स्टँडाकडं चालू लागले. आणि मी हातात पेपर धरून बसलो होतो. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान गरम होतात. लाज वाटते मला माझी, दुसरा शब्द नाही.

त्या दिवसापासून दत्तानं सिनेमा सांगणं बंद केलं. लोकांनी चार दिवस चेष्टा केली, "काय राव, आजची दाढी तरी सोता करतुय ना?" असले फालतू विनोद झाले, मग तेही थांबलं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मला नाय म्हाईत भाऊ, तुमीच बघा." अण्णा यायचे, दाढी करून जायचे, त्या सिनेमाचा विषय दोघांनीही काढला नाही. म्हातारी गेली. सलूनमध्ये टीव्ही आला, मग सीडी आल्या, टॉकीजला शुक्रवारीही कुणी फिरकेना. दत्ता टीव्हीकडं पाठ करून केस कापायचा. त्याच्याइतका सिनेमावर जीव असलेला माणूस मी पाहिला नाही, आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं.

शेवटी चार वर्षांपूर्वी एका दुपारी, दुकानात दुसरं कुणी नसताना, मी धीर केला. तोंडाला फेस होता. म्हणालो, "दत्ता, त्या दिवशी मी सिनेमात झोपलो होतो." त्याचा हात थांबलाही नाही. "मला तवाच म्हाईत व्हतं." मी उठूनच बसलो. "हलू नका, कापंल," म्हणाला. "पुढच्या खुर्चीवर हात ठिवून झोपला असाल तुमी. बाहीच्या शिवनीचा वळ गालावर पार कानापातूर उमटला व्हता. त्याच गालावर फेस लावला मी." मी आरशातून विचारलं, "मग अण्णांना का पाठवलंस?" त्यानं वस्तरा पुसून ठेवला. पाणी मारलं, तुरटी फिरवली. मग म्हणाला, "हसतखेळत हाय म्हनला ना तुमी... मला ते खरं व्हायला पायजे व्हतं. अण्णा दारात उभं, मला दम निघंना. दुसऱ्याला इचारायचा माझा नेम मीच मोडला. मंग तुमचं नाव कशापायी घेऊ?" टॉवेल झटकता झटकता त्यानं एक सांगितलं. "अण्णांला कवातरी त्या दिशीचं सांगा मास्तर. मला नाय जमलं. लई बारी तोंडापातूर आलं." मी हो म्हणालो. आणि चार वर्षं गेलो नाही.

गेल्या आठवड्यात गेलो. अण्णा आता पंचाहत्तरीच्या पुढचे, अंगणात खाटेवर बसलेले. दत्ता गेल्याचं त्यांना कळलं होतं. थकल्यामुळं दहाव्याला येता आलं नाही, याचंच ते वाईट वाटून घेत होते. चहा झाला. मी आढेवेढे घेत, झोपेचं तेवढं सोडून, अखेर सांगून टाकलं, की तो सिनेमा हसतखेळत आहे असं दत्ताला सांगणारा मी होतो, दत्ताचा दोष नव्हता. अण्णांनी समोरच्या डोंगराकडं पाहिलं. मग म्हणाले, "दत्तावर माझा राग कंदीच नव्हता. मला घराभाईर काढायची खटपट करनारा तेवढा एकच व्हता." मग ते एकदम माझ्याकडं वळले. डोळ्यांत एक वेगळीच घाई होती.

"म्हंजी मास्तर, तुमी बघितल्याला तो सिनेमा? मंग सांगा मला. ते पोरगं पान्यात जातं, हात वर करतं, आन् त्याचा थोरला भाऊ काठावरनं पळत येतो. मी तितंच उठलो. माझ्यानं बसवंना. इतकी वर्सं झाली, मनात येतं अधनंमधनं... ते वाचतं का वो?"

वाचतं, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. शब्द अगदी जिभेवर होता, आणि अण्णांच्या चेहऱ्याकडं पाहून तो गिळणं फार जड गेलं.

"मला माहीत नाही, अण्णा," मी म्हणालो. "मी झोपलो होतो."

अण्णांनी मान हलवली. माझ्या हातातला रिकामा कप घेऊन त्यांनी खाली ठेवला.

"आसू द्या," ते म्हणाले. "दत्ता आसता तर त्यानं कुनाला तरी इचारून सांगितलं आसतं."