जातो नाही, येतो म्हण

मी आयुष्यात एकदाच हिरो झालो, तेही अमेरिकेतल्या पार्सिपनीत, आणि केवळ माझ्या गाडीची डिकी मोठी होती म्हणून. दिग्दर्शकाला लाइट, ट्रायपॉड आणि सतरंज्या वाहून न्यायला गाडी हवी होती. ती मिळाल्यावर त्याने दोन्ही हातांची चौकट करून त्यातून माझ्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "चेहराही चालून जाईल यार."

हे २००४ सालच्या हिवाळ्यातलं. आम्ही सोमवार ते शुक्रवार कुठल्या तरी विमा कंपनीचा कोड लिहायचो आणि शनिवार-रविवारी जागतिक सिनेमा घडवायचो. दिग्दर्शक माझ्याच प्रोजेक्टवर होता. पुण्याचा, कॉलेजात एकांकिका गाजवलेला. त्याला आम्ही साहेब म्हणायचो, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. एक इंचही शूटिंग झालं नव्हतं तेव्हा त्याच्या प्रॉडक्शन हाऊसची व्हिजिटिंग कार्डं छापून आली होती. पटकथा आम्ही सॉफ्टवेअरसारखीच चालवली. व्हर्जन, रिव्ह्यू, साइन-ऑफ, सगळं रीतसर. आईच्या रडण्यात बग आहे, असं कॅमेरामनने ईमेलने कळवलं होतं. तो टेस्टिंगमध्ये होता, त्याचा स्वभावच तसा झाला होता.

गोष्ट साधी होती. मुलगा अमेरिकेला निघतो, दारात आईचा निरोप घेतो आणि पुन्हा घरी येत नाही. मग पंधरा मिनिटं आई एकटी. ही गोष्ट सुचायला आमच्यापैकी कुणालाच फार डोकं खाजवावं लागलं नसतं, पण साहेब तिला 'माझं व्हिजन' म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो.

आईच्या भूमिकेला बाई मिळेना. तेवढ्यात साहेबाची खरी आई सहा महिन्यांसाठी आली आणि प्रश्न सुटला. काकू निवृत्त पोस्टमास्तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, हा एकुलता एक मुलगा. आल्या आल्या त्यांनी आमच्या अख्ख्या युनिटचा ताबा घेतला. त्यांच्या फोडणीने दर शॉटआधी धुराचा अलार्म बोंबलायचा, आणि आवाज नको म्हणून बंद केलेला फ्रिज पुन्हा लावायला विसरल्याने एका रविवारी सगळं श्रीखंड आंबून गेलं. तरी त्या चिडल्या नाहीत. त्यांना सिनेमात काडीचा रस नव्हता, पण हा सिनेमा व्हायलाच हवा होता.

त्याला कारण होतं. एकदा जेवताना साहेबाने जाहीर केलं होतं, "जुलैच्या मराठी संमेलनात आपली फिल्म सिलेक्ट झाली ना, की दुसऱ्या दिवशी राजीनामा. ग्रीन कार्ड गेलं उडत. सरळ पुण्याला जाऊन फिल्म्स करणार." आम्ही टेबल बडवलं. काकूंची पोळी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवसापासून त्या संवाद पाठ करायला लागल्या. इंडियन ग्रोसरीला मी त्यांना ड्राइव्ह करून न्यायचो, तेव्हा मागच्या सीटवर त्यांची पुटपुट चालायची. एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "सिलेक्शन होईल ना रे? वरची खोली मी भाड्याने नाही दिलेली अजून. कितीजण विचारून गेले."

मी होईल म्हणालो. मला त्यातलं काय कळत होतं? पण नाही म्हणायची छाती झाली नाही.

निरोपाच्या प्रसंगाचा दिवस उजाडला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत आमचं पुण्यातलं मे महिन्याचं घर. कार्पेटवर सतरंज्या, खिडकीला पडदे, दाराला प्लास्टिकचं तोरण. मी घामाचे थेंब म्हणून कपाळावर ग्लिसरीन लावून, हातात बॅग घेऊन उभा. माझा संवाद एवढाच होता: "आई, जातो मी."

"अ‍ॅक्शन!"

"आई, जातो मी."

"जातो काय म्हणतोस? येतो म्हण!" काकू ओरडल्या. कट.

साहेबाने समजावलं. आई, हा सिनेमा आहे, तू फक्त त्याच्याकडे बघायचंस. काकूंनी मान डोलावली. पुन्हा अ‍ॅक्शन. मी जातो म्हणालो आणि त्यांच्या तोंडून पुन्हा निघून गेलं, "येतो म्हणावं रे." तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडावर पदर धरून ठेवला, पण पदरातूनही तेच ऐकू आलं. कॅमेरामन हसून हसून भिंतीला टेकला. खरं सांगायचं तर मलाही तो शब्द जड जात होता. घरातून निघताना मी स्वतः कधी जातो म्हणालो नव्हतो. आपल्यात कोण म्हणतं?

साहेब मात्र भडकला. "आई, तो परत येणार नाहीये! म्हणून तर 'जातो' आहे. तीच थीम आहे सगळी. व्हर्जन टूपासून आहे ते."

"तो येणार नाही हे तुला माहीत," काकू म्हणाल्या. "त्या बाईला कुठे माहीत आहे? आणि कुठल्या घरातला मुलगा दारात उभा राहून आईला जातो म्हणतो? तू म्हणाला होतास का?"

साहेब कॅमेऱ्यामागे गेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठीक आहे. येतो म्हण."

मी येतो म्हणालो. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, आणि म्हणाल्या, "ये." बस. मी कॅमेऱ्याजवळून बाहेर पडलो. कट म्हणायचं कुणाला सुचेना. काकू दाराची चौकट धरून उभ्याच राहिल्या, समोर अपार्टमेंटचा मळकट कॉरिडॉर होता तरी त्या लांबवर बघत राहिल्या. मला तेव्हा समजलं की आमच्या व्हिजनपेक्षा हे कितीतरी भयंकर होतं. जातो म्हणून न येणारा निदान खरं तरी बोलतो.

मे महिन्यात ईमेल आली. फिल्म सिलेक्ट झाली होती. आम्ही साहेबाच्या घरी धावलो, केक कापला, कुणीतरी त्याच्या गळ्यात केबलचं वेटोळं हारासारखं घातलं. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्याच पावली येऊन विचारलं, "मग आता तिकीट दोघांचं काढायचं ना?"

सगळे साहेबाकडे बघायला लागले. तो केकची सुरी टिशूने पुसत राहिला.

"आई, संमेलनाचं सिलेक्शन म्हणजे तसं काही नसतं गं. खरा फेस्टिव्हल वेगळा. आणि ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलंय. ते एकदा होऊ दे, मग बघू."

"हो, ते होऊ दे," काकू लगेच म्हणाल्या आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. मला त्याचा राग आला. पण माझीही फाइल त्याच रांगेत होती, तेव्हा तो राग मी कुठल्या तोंडाने बोलून दाखवणार होतो?

जुलैत संमेलनाला आम्ही सगळे नटूनथटून गेलो. आमची फिल्म लावणी आणि जेवण यांच्यामध्ये अडकवली होती. अर्धी फिल्म झाली आणि मागची दारं उघडून मसालेभाताचा वास आत आला. लोक वाकून, एकमेकांना खुणा करत उठायला लागले. साहेब रांगेच्या टोकाला उभा राहून उरलेली डोकी मोजत होता. काकू पुढे बसून स्वतःला बघत होत्या. पडद्यावर त्या दारात उभ्या होत्या, आणि साहेबाने तो शॉट जराही कापला नव्हता. दिवे लागले तेव्हा टाळ्या झाल्या, थोड्या पण मनापासून.

जेवणाच्या मांडवात काकूंभोवती बायका जमल्या. किती नॅचरल काम केलंत, अगदी आमच्या सासूबाई आठवल्या, वगैरे. साहेब शेजारीच ताट घेऊन उभा होता. दोन जणांनी त्याला मुलांच्या मुंजीचं शूटिंग करशील का म्हणून विचारलं होतं, आणि तो त्यांना कार्ड देत होता. तेवढ्यात पैठणी नेसलेल्या एक बाई घाईघाईने आल्या.

"अहो, आम्ही नेमके रांगेत अडकलो, शेवट बघायचा राहिला हो. मुलगा येतो का शेवटी परत?"

साहेबाचा कार्डाचा हात तसाच थांबला.

"नाही येत," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याच्या ताटात आपल्यातली जिलबी ठेवली. "पण सिनेमा फार छान झालाय त्याचा."