दुर्बिणीचं झाकण

आमच्या काकांची सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. कुणी मीटरशी खेळ केलाय, हे ते दारातूनच ओळखायचे. काका निवृत्त झाले, त्यांचा संशय काही झाला नाही. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याचं हसू, माझं मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणं, सगळीकडे त्यांना पाणी मुरताना दिसायचं.

अशा माणसाला ताराही संशयितच भेटला. नुकता जन्मलेला, अजून धुळीत गुंडाळलेला. धूळ आडवी आली की मंद व्हायचा, सरली की उजळायचा, त्याला वेळापत्रक म्हणून नाही. अशा ताऱ्यांवर नजर ठेवायला शास्त्रज्ञ पुरे पडत नाहीत, म्हणून एक संस्था हौशी लोकांकडून नोंदी मागवते. काका सात वर्षं पाठवत होते. अंधार पडला की गच्चीवर जायचं, शेजारच्या दोन स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी आपला तारा ताडून पाहायचा आणि तेजाचा आकडा सांगायचा. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. गुडघे धरल्यापासून दुर्बीण रोखून देणं आणि वहीत आकडा लिहिणं काकूकडे होतं. काका फक्त डोळा लावायचे.

एकदा संस्थेचं पत्र आलं. तुमच्या नोंदी मोठ्या दुर्बिणींशी छान जुळतात, म्हणे. दुसरा कुणी सुखावला असता. काकांनी भिंग घेऊन वही उघडली.

"काल मी दहा पूर्णांक चार म्हणालो. इथे दहा पूर्णांक नऊ कसं?" ते माझ्या कानाशी कुजबुजले. "घरातच चोर आहे. एक आकडा खोटा निघाला तर सात वर्षांची वही रद्दीत जाईल."

काकूसमोर मात्र ब्र काढला नाही. मला त्यांचा भयंकर राग आला.

त्या संध्याकाळी त्यांनी सापळा लावला. डोळा लावला, "दहा पूर्णांक चार" असं खणखणीत सांगितलं आणि रोजच्यासारखे चहाला खाली निघाले. जिन्यातूनच मागे फिरले, मी त्यांच्या पाठोपाठ. काकू दुर्बिणीला डोळा लावून बसली होती.

"पकडली!"

काकू दचकलीसुद्धा नाही. "आठ महिने मीच बघून लिहितेय. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येता. मग काय करू?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत. आत्ताच बघितला मी तारा!"

काकूने शालीतून हात बाहेर काढला. हातात दुर्बिणीचं झाकण होतं.

"हे आत्ता काढलं. तुम्ही पाठ फिरवल्यावर."

आयुष्यभर लोकांना रंगेहाथ पकडलेले काका कठड्यापाशी मटकन बसले. मला वाटलं होतं, हसू येईल. रडू आलं.

"दिसत नाही गं," ते म्हणाले. "अंदाजाने सांगतो."

सकाळी त्यांनी स्वतः संस्थेला पत्र लिहिलं. 'गेल्या आठ महिन्यांच्या नोंदींवर नाव माझं आहे, डोळे बायकोचे. कृपया नाव बदलावं.' मग डॉक्टरची वेळ घ्यायला मला पिटाळलं.

संध्याकाळी काकू दुर्बिणीशी आणि काका वही घेऊन स्टुलावर.

"अकरा पूर्णांक दोन," काकू म्हणाली.

काकांचं पेन थबकलं. "कालपेक्षा एवढा मंद? झाकण काढलंस ना?"

काकूने डोळा न हलवता झाकण मागे धरलं. काकांनी ते घेतलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं, खिशात टाकलं आणि सांगितला तोच आकडा लिहिला.