अर्ध्यात उतरायचं नाही

"उठा. बसून कुणी बरं झालंय का?"

सकाळी सात वाजता ताई हाडांच्या वॉर्डात शिरायच्या, पहिल्या खाटेवरच्या माणसाच्या पायांवरची चादर सरकवायच्या आणि हे वाक्य टाकायच्या. चक्क मराठीत, या परमुलखात. खाटेवर आमच्या लोअर हट गावचा सुतार असो, नाहीतर डोंगरापलीकडचा मेंढरंवाला. आदल्या दिवशी खुब्याचं ऑपरेशन झालेला तो बिचारा कळवळून म्हणायचा, "टुमॉरो, लव्ह." ताई वॉकर पुढे ढकलायच्या. पाच मिनिटांनी तो शिव्या देत का होईना, दारापर्यंत चालत गेलेला असायचा. एका म्हाताऱ्याला तर ते "उठा" इतकं पाठ झालं होतं की शेजारच्या खाटेवरच्याला तोच उठवायला लागला.

मी त्याच वॉर्डाची फार्मासिस्ट. ताई आता रिटायर झाल्या, त्यामुळे आमचे पेशंट हल्ली आठ वाजेपर्यंत लोळतात. त्यांचं नाव मी सांगत नाही. कळलं तर फोन करून झापतील. पण तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच, जी समोर आली की आपण उगाचच ताठ उभे राहतो.

ताई मिरजेच्या. नर्सिंग तिथेच शिकल्या. मिस्टर कॉम्प्युटरवाले, त्यांच्या नोकरीमुळे वीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या. मिस्टर अगदी शांत माणूस, आणि त्यांना वेड कशाचं, तर शिडाच्या बोटींचं. जन्मात कधी बोटीवर पाय ठेवला नव्हता, पण रविवारची सकाळ बोटींचे व्हिडिओ बघण्यात जायची. शेवटी साठीनिमित्त त्यांनी एक सहल बुक केली. पार उत्तरेला, ओपुआ बंदरातून निघायचं, बोट चालवणारा स्कीपर बरोबर असतो, सहा दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, रात्री बोटीतच झोपायचं. दोघांच्या दोन जागा, डिसेंबरातल्या. आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले.

तेराव्याला आम्ही सगळे त्यांच्या घरी होतो. शेजारच्या पोरिरुआ गावच्या एक वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, आता वर्षभर सणवार नाही, प्रवास नाही. शांतपणे घरात बसायचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू?

ताई खीर वाढत होत्या. म्हणाल्या, "डिसेंबरात बोट आहे. मी जाणार आहे. कुणाला अजून खीर?"

वहिनींचा घास हातातच राहिला. मग घरोघरी फोन सुरू झाले. बाईला काही वाटतच नाही. डोळ्यातून टिपूससुद्धा काढलं नाही. मला तर पुण्याहून माझ्या सासूबाईंनी विचारलं, "ती होडीवाली तुमच्याच दवाखान्यातली का गं?"

टिपूस काढलं नव्हतं हे मात्र खरं. दहाव्या दिवशी त्या कामावर हजर होत्या आणि खाटांवरच्या चादरी सरकवत होत्या.

त्यांचा मुलगा रोटोटुनाला असतो, इंजिनिअर आहे. मुलगा गुणी. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. त्याचं म्हणणं एकच, लोअर हटचं घर विकायचं आणि आईने त्याच्याकडे यायचं. खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. ताईंना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. आणि ही बोट ऐकल्यावर तर त्याचा धीरच सुटला. "धिस इज नॉट नॉर्मल, मम," असं तो माझ्यासमोर तीनदा म्हणाला.

ताई म्हणाल्या, "बरं. पैज लाव. सहा दिवस पुरे करून आले, तर घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. अर्ध्यात उतरले, तर त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसते आणि रोटोटुनाला येते. कायमची."

त्याने हात पुढे केला. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

मिस्टरांच्या जागेवर कोण? तर मी. "तुला पोहता येतं. चल." मी घर, मुलं, नवरा, पाठदुखी, सगळी कारणं ओळीने सांगितली. ताईंनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "पोहायचे टॉग्ज घे. आणि गरम कपडे घे, वारा फार असतो."

आमचा स्कीपर साठीचा माओरी माणूस होता, अनवाणी, आवाज ढगातून आल्यासारखा. आमच्याशिवाय ख्राइस्टचर्चची दोन रिटायर्ड जोडपी. किया ओरा वगैरे नमस्कार झाल्यावर स्कीपरने गंभीरपणे विचारलं, "केळी नाहीत ना कुणाकडे?" बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, तिकडचे दर्यावर्दी हे फार मानतात. सगळे हसत नाही म्हणाले. ताई समुद्राकडे बघत राहिल्या. मी ताईंकडे बघितलं, कारण त्यांच्या पिशवीतल्या स्टीलच्या डब्यात काय आहे ते मला माहीत होतं. शनिवारच्या बाजारात सामोअन लोक हिरवी केळी विकतात, ती आणून ताईंनी स्वतः तळलेले दोन किलो वेफर्स!

संध्याकाळी चहाबरोबर त्यांनी डबा उघडला. स्कीपरने मूठभर खाल्ले, वर म्हणाला, "बटाटे भारी आहेत."

"केळी आहेत," ताई म्हणाल्या.

त्याचं तोंड चालायचं थांबलं. त्याने आभाळाकडे बघितलं, शिडाकडे बघितलं.

"मला सांगा, तळल्यावर केळ्यात केळं म्हणून काही उरतं का?" ताईंनी विचारलं. तो मोठ्याने हसला आणि दुसरी मूठ भरून घेतली. पण तेव्हापासून वारा जरा फिरला की तो डब्याकडे बघायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही उघड्या समुद्रात शिरलो आणि माझी वाट लागली. मी फार्मासिस्ट बाई, सगळ्यांना उलटीच्या गोळ्या वाटल्या आणि स्वतःची घ्यायची विसरले. आडवी होऊ बघत होते, तर ताईंनी दंड धरला. "बादली घे आणि उभी राहा. लांब किनाऱ्याकडे बघ. आडवी झालीस की संपलीस." मग मी उभी राहून ओकत होते आणि तो किनारा बघत होते. पाण्यातून सरळ वर चढलेले काळे कडे, त्यांच्या फटीत वाऱ्याने वाकलेली झाडं, खाली पांढरा फेस. घर नाही, रस्ता नाही. ताई मात्र चाकाशी उभ्या राहून स्कीपरकडून बोट चालवायला शिकत होत्या. दर पाळीला त्याच्याकडून वॉर्डातल्या नर्ससारखा हँडओव्हर मागायच्या. वारा कुठून, दिशा काय, मागच्या तासात काय झालं. तो नुसताच "स्वीट ॲज", म्हणजे सगळं मस्त, म्हणाला की म्हणायच्या, "असं चालत नाही. नीट सांगा."

तिसऱ्या दिवशी केप ब्रेटच्या टोकाजवळ वारा चढला. कड्यावर दीपगृह, खाली नुसता खळखळाट. चाक ताईंच्या हातात होतं, स्कीपर बाजूला. आणि अचानक ताई ओरडायला लागल्या.

"अहो, चाळीस वेळा सांगितलं होतं, बीपीच्या गोळ्या घ्या! घेतल्या का? नाही! जागा बुक केल्यात, आणि मला एकटीला पाठवलंत? काही सांगून जायची पद्धत असते की नाही माणसाला? मी तीस वर्षं लोकांना उभं केलं, आणि तुम्ही माझ्यासमोर बसल्या बसल्या गेलात! अरे, माणूस आहेस का कोण आहेस!"

उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याला अरे म्हटलं नसेल. ख्राइस्टचर्चची मंडळी घाबरून खाली गेली. स्कीपरने मला हळूच विचारलं, "कोणाशी बोलतायत?"

"नवऱ्याशी."

"तो कुठे आहे?"

"वारला. चार महिने झाले."

त्याने मान हलवली. "मग बरोबर आहे. आमच्याकडे मेलेल्यासमोर उभं राहून असंच बोलतात. रागावतात, भांडतात. तो ऐकत असतो." आणि त्याने ताईंना सांगितलं, जरा डावीकडे घ्या, म्हणजे वारा पाठीवर येईल, आवाज लांब जाईल.

ताईंनी डावीकडे घेतलं आणि आणखी अर्धा तास भांडल्या. मला तुम्ही काहीही म्हणा, तेराव्याच्या त्या सगळ्या विधींपेक्षा तो अर्धा तास मला जास्त खरा वाटला.

चौथ्या दिवशी सकाळी एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकला होता. काठावर जायला ताई छोट्या होडीत उतरत होत्या, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काखेत तो डबा. सटकल्या. डबा वाचला, डावा हात अंगाखाली आला. त्यांनी बसल्या जागीच मनगट चाचपलं आणि दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलावं तसं सांगितलं, "मोडलंय. सरकलेलं नाही. दोन लाकडी चमचे आण आणि एक टॉवेल."

स्कीपरने डब्याकडे बघितलं.

"केळ्यांना बोल लावू नका. जँडल्स माझ्या आहेत," ताई म्हणाल्या. तो बोट ओपुआला न्यायला निघाला. ताई म्हणाल्या, "एक्स-रे काढू, प्लास्टर घालू, परत येऊ. दोन दिवस बाकी आहेत." ख्राइस्टचर्चवाले म्हणाले, आम्ही थांबतो.

आणि मी? मोबाईलला रेंज आल्या आल्या मी त्यांच्या मुलाला मेसेज केला. "आईचा हात मोडला. ओपुआला जातोय." काळजी होती, हे खरं. पण मला घरी जायचं होतं, हेही तितकंच खरं. दोन दिवस ओकून ओकून माझा जीव मेटाकुटीला आला होता. ताई उतरल्या की मी सुटले, असा साधा हिशोब. लाज वाटते सांगताना, पण सांगते.

दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरला ताईंनी प्लास्टर कुठवर घालायचं ते दाखवलं. तो म्हणाला, दोर ओढायचे नाहीत, हात भिजवायचा नाही, बाकी तुम्ही जाणता. दुपारी चारला आम्ही धक्क्यावर परत आलो. ताई बोटीवर चढल्या. स्कीपर निघायची तयारी करत होता, इतक्यात मुलगा धावत आला. पाच तास गाडी हाणत आला होता, ऑफिसच्या कपड्यांत, ऑफिसच्या बुटांत.

"द कार इज ओव्हर देअर, मम. यू ब्रोक युअर आर्म!"

"हात मोडलाय. पाय शाबूत आहेत." मग माझ्याकडे वळल्या. "मेसेज तू केलास?"

"हो, ताई."

"बरं."

एवढंच. थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

मुलगा म्हणाला, बाबा असते तर त्यांनी तुला जाऊ दिलं नसतं. ताई म्हणाल्या, "बाबा असते तर ते आत्ता खाली बादली घेऊन पडले असते, आणि मी इथेच उभी असते."

तो बुटांकडे बघत राहिला. मग मराठीत बोलला, लहानपणी शिकलेल्या, अडखळणाऱ्या मराठीत. "आई, त्या सकाळी तू मला फोन केला होतास. तीन वेळा. मी मीटिंगमध्ये होतो. मी नाही उचलला. आता फोन वाजला की मी मीटिंग सोडून उठतो. तू माझ्या घरात असलीस, तर तुझा फोन येणारच नाही ना."

ताई बोटीवरून खाली उतरल्या.

संपलं, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असणार. त्यांनी प्लास्टरचा हात त्याच्या मानेमागे टाकला, त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या. पोरिरुआच्या वहिनींना मी नंतर मुद्दाम फोन करून हे सांगितलं.

बऱ्याच वेळाने त्याच्याच बाहीला डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तू फोन उचलला असतास तरी बाबा गेलेच होते, राजा. मी नर्स आहे, मला माहीत आहे. मी तुझ्या घरात येऊन बसले, तर तू नुसता माझ्याकडे बघत बसशील, श्वास चालू आहे का ते. रोज संध्याकाळी फोन कर. मी उचलेन. एखाद्या दिवशी नाही उचलला, तर समज, बोटीवर आहे."

"आई..."

"आता मला वर चढायला हात दे."

त्याने एकदा गाडीकडे बघितलं. मग त्याने आईला कोपराला धरून, सांभाळून, बोटीवर चढवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्हाला यायचंय का गाडीतून? माझी बॅग तर भरलेलीच होती. मी नाही म्हटलं. का म्हटलं, मला आजही नीट सांगता येत नाही.

स्कीपरने इंजिन सुरू केलं आणि वरून हाक मारली, "मेट, तो दोर सोडतोस का?"

मुलाने खुंटाला बांधलेल्या दोराला हात घातला. त्याला गाठ सुटेना. ताईंनी कठड्यावरून वाकून सांगितलं, "ओढू नकोस, आधी सैल कर. आता खालचा वेढा काढ. हं, तोच." दोर सुटला. त्याने तो वर टाकला, मी झेलला.

मोकळ्या पाण्यात आल्यावर स्कीपरने चाक ताईंकडे दिलं. धक्क्यावर मुलगा अजून उभा होता, हात वर करून. ताईंचा एक हात प्लास्टरमध्ये होता आणि दुसरा चाकावर. म्हणून हात मी हलवला.