आपांचा वाडगा

चाकावरून उतरवलेलं ओलं भांडं आपा तारेनं सरळ मधोमध कापायच्या. शेजारच्याच्या तोंडून ‘अरेरे’ निघायचं. “आतून बघितल्याबिगर कळतंय का?” म्हणत त्या दोन्ही तुकड्यांची जाडी निरखायच्या आणि माती मळून पुन्हा चाकावर बसायच्या.

नांदेडला आमचा मातीकामाचा वर्ग रविवारी भरायचा. मी बँकेतली, आठवडाभर कीबोर्ड बडवून कंटाळलेली. आपा उर्दू शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. कॉलेजात त्या मातीकाम शिकल्या होत्या. मग लग्न, मुलं, नोकरी यांत चाक सुटलं ते सुटलंच. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत बसल्या, तर गोळा उडून थेट सरांच्या पायावर.

“डोक्याला सगळं याद हाय,” त्या म्हणाल्या, “हात इसरून गेलेत.”

सर त्यांच्या मुलाच्या वयाचे, त्यामुळे चुका सांगताना संकोचायचे. “रागवा की सर. मी लई रागावलेय पोरांवर,” आपा म्हणायच्या.

भट्टी लावायच्या दिवशी फळीवर आमचे कप, पणत्या, कुणाचा हत्तीसारखा दिसणारा घोडा. आपांचं काहीच नाही.

एकदा चहा पिताना मी विचारलं, “आपा, फुटेल म्हणून भिता का?”

“फुटलं तर फुटलं गं. पण कॉलेजातले सर म्हणायचे, तुझा हात चांगला हाय. तेवढंच मनात धरून राहिले इतकी वर्षं. आता ते खोटं निघालं तर?”



पुढं एका रविवारी आपा वाडगा घडवत असतानाच लाइट गेली. चाक मंदावत चाललं. आम्ही सगळे हात काढून बसलो. आपांनी काढले नाहीत. मंदावत्या चाकाबरोबर त्यांची बोटंही सावकाश वर येत गेली. चाक थांबलं तेव्हा वाडगा नीट उभा होता. आपांनी तार उचलली, त्याच्याकडे बघितलं आणि तार बाजूला ठेवली.

“राहू दे हा,” एवढंच म्हणाल्या.

भट्टीतून वाडगा जरासा एका अंगाला झुकून आला. आपांनी टिचकी मारली. खणखणीत वाजला. ओढणीत गुंडाळून घरी नेला.

नंतर त्या लेकीकडे लातूरला राहायला गेल्या. आमचा रविवार जरा मुकाच झाला.

मागच्या महिन्यात लातूरला गेले, तर आपा गच्चीवर सापडल्या. नवं चाक, भोवती शेजारणी. एकीच्या हातांवर स्वतःचे चिखलानं भरलेले हात ठेवून त्या सांगत होत्या, “भिऊ नका बाई. दाबा जरा.”

मी जिन्यातच थांबून बघत राहिले.