जालन्याचं टेसन

तिसरीतच शाळा सुटलेल्या मला बीडच्या कचेरीत शिपायाचं काम दिलं ते मुनशीजींनी. हे उपकार विसरणार नाही. पण मी जालन्याहून, घरून परतलो की ते आधी विचारायचे, "काय नवं बांधलं बे तुमच्या जालन्यात?"

जालन्याला रेल्वे आली तशी बीडलाही मिळावी म्हणून ते हैदराबादेला निजामाच्या दरबारी अर्ज्या धाडायचे. अर्जीत जालन्याचं नाव आलं की बोरूचा जोर एवढा वाढायचा, की कागद फाटायचा. नोकरी जाईल या धास्तीनं मी जालन्यातल्या कापसाच्या नव्या कारखान्याचं नावही काढत नसे.

एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "मुनशीजी, आमच्या टेसनचं छत लई गळतंय."

ते हसतील असं वाटलं. ते खाली मान घालून म्हणाले, "गळू दे की. आमाला गळकं तरी कोन देतंय?"