कूलरसमोरची खाट

अकोल्यात मे महिन्यात दोन गोष्टींपुढे कुणाचं काही चालत नाही. एक ऊन आणि दुसरी माझी मोठी नणंद. त्यातल्या उन्हाला दिवस मावळल्यावर थोडी तरी दया येते. ताईंचं तसं नाही. देवानं त्यांना आवाज देताना मोजमाप केलेलंच नव्हतं. त्या अकोल्याहून अमरावतीला फोन करायच्या तेव्हा माझा नवरा फोन कानापासून हातभर लांब धरायचा, आणि तरी स्वयंपाकघरात मला प्रत्येक शब्द ऐकू यायचा. फोनचा खर्च त्या उगाच करतात, गच्चीवर उभ्या राहून बोलल्या तरी इकडे अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंत ऐकू येईल, असं तो म्हणायचा. अर्थात फोन ठेवल्यावर म्हणायचा.

आमच्याकडे त्या कधी कळवून आल्या नाहीत. कळवून येणं म्हणजे समोरच्याला घर आवरायची संधी देणं, आणि असली संधी द्यायला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं की पाण्याचा तांब्या नंतर, आधी आमचा फ्रीज. दार उघडायचं, वाकायचं, एकेक डबा बाहेर काढून हुंगायचा. एकदा कोपऱ्यात सुरकुतलेलं वांगं सापडलं. ते दोन बोटांत धरून त्यांनी मला विचारलं, "हे कवाचं हाये वं? तुह्या लग्नातलं का?" माझ्या माहेरची माणसं तेव्हा बैठकीत बसलेली होती. ताईंना त्याचं काही नव्हतं. खरं बोलायला माणसं पाहून आवाज कमी करावा लागतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बार्शीटाकळीच्या एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत मुलाच्या वडिलांना हाक मारली होती, "पाहुणे, वरण कुठी हाये? हे तं हात धुवाचं पाणी दिसून राहिलं!" मंडळी आमच्या नात्यातली होती, म्हणून निभावलं. पण दुसऱ्या पंगतीला वरण घट्ट आलं, हेही खरं.

अकोल्यात ताईंची मेस आहे. डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावची मुलं तिथल्या शिकवण्यांना येतात आणि त्यातली बरीचशी ताईंच्या हाताखाली सापडतात. मी मुद्दामच 'सापडतात' म्हणते. इतर मेसमध्ये मुलं जेवतात, ताईंकडे त्यांना जेवावं लागतं. ताटावर मोबाइल दिसला की तो ज्वारीच्या डब्यात जायचा आणि भाकर संपल्यावर परत मिळायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाची भूक मेली की ताई पदर खोचून समोर उभ्या, "पेपर उद्या हाये, उपास आज काहून करून राहिला?" पातूरच्या एका मुलानं दोडक्याची भाजी टाकली, तर त्यांनी थेट त्याच्या आईला फोन लावला. आवाजाच्या तीव्रतेवरून त्या माउलीला वाटलं पोराला काहीतरी भयंकर झालं, आणि ती मिळेल त्या गाडीनं अकोल्यात हजर झाली. ताईंनी तिलाही जेवायला बसवलं. भाजी दोडक्याचीच होती.

या सगळ्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचे भाऊजी, ताईंचे यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, हळू बोलणारा, चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणारा माणूस. ताई त्यांना 'बैताड' म्हणायच्या. आमच्याकडे बैताड म्हणजे बावळट. पण त्यात सूर महत्त्वाचा. सकाळच्या चहाचं बैताड वेगळं, कोथिंबीर आणायला सांगितल्यावर पुदिना आणला त्याचं वेगळं, आणि रात्री पांघरूण नीट करताना म्हटलेलं तर अगदीच वेगळं. भाऊजींना ते सगळे सूर ओळखता यायचे.

आणि मग कूलर. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगणं कठीण आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात घराची सत्ता कुणाकडे आहे हे सातबाऱ्यावरून कळत नाही, कूलरसमोर कुणाची खाट आहे त्यावरून कळतं. ताईंची खाट बरोबर झोताच्या समोर. त्यांच्यामागे पाहुणे, मग भाऊजी, आणि नवीन जावई आला तर त्याला एखादी दुपार मानाची मिळे, तीही ताई जाग्या असताना. कूलरचं जुनं गवत काढून नवं भरायला दर वर्षी जो मिस्त्री येई, तो अर्धा दिवस ताईंच्या शिव्या खात काम करी आणि वर म्हणे, "भाभी बोलती नहीं, तब तक मेरा हाथ नहीं चलता."

अशा या ताई एका दिवाळीनंतर बदलायला लागल्या. हळूहळू, लक्षातही येऊ नये इतक्या. त्या आमच्याकडे आल्या आणि फ्रीज न उघडता खुर्चीत बसून राहिल्या. मी केलेली पातोडीची, म्हणजे बेसनवड्यांची रस्साभाजी बिघडली होती, हे मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "चांगली झाली." मी माहेरी फोन करून आईला ही बातमी दिली. दुपारी झोपणाऱ्या माणसाला त्या आळशाचा बाप म्हणत, आता स्वतःच दुपारभर झोपू लागल्या, आणि उठल्यावरही झोप झाली नाही असं म्हणू लागल्या. आवाज घोगरा आणि संथ झाला. अंग भरलं, चेहरा जरा सुजल्यासारखा दिसू लागला. आम्ही म्हटलं, सुख मानवलं. मेसमधल्या मुलांची नावं विसरू लागल्या. आम्ही म्हटलं, वय झालं. कुणाशी भांडण नाही, कुणाला बोलणं नाही. नातेवाइकांत तर आनंदीआनंद. लग्नाच्या याद्या करताना लोक ताईंचं नाव आता न घाबरता वर लिहू लागले.

मग मे महिना आला, आणि ताईंनी आपली खाट कूलरसमोरून उचलून आतल्या खोलीत भिंतीला लावली. अंगावर गोधडी घेतली. अकोल्यात. मे महिन्यात.

ही बातमी अकोला, मूर्तिजापूर, अमरावती अशी सगळ्या नात्यात फिरली. ज्या भागात कूलरच्या झोतावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो, तिथं एका बाईनं आपण होऊन ती जागा सोडली! याला वैराग्याशिवाय दुसरं नाव द्यायचं तरी काय? आमच्या एका चुलतसासऱ्यांनी निर्वाळा दिला, "माणूस पिकलं का असंच होते. आता तिले काही पायजे नाही." एक लांबची वहिनी आपल्या नव्या सुनेला घेऊन मुद्दाम पाया पडायला आली. ताईंनी गोधडीतून हात काढून सुनेच्या डोक्यावर ठेवला. हात इतका गार होता की पोरगी दचकली. तिच्या सासूनं तेसुद्धा शांतीचं लक्षण म्हणून सगळ्यांना सांगितलं.

आनंद झाला नव्हता तो फक्त दोघांना. कूलरचा मिस्त्री काम संपवून जाताना भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी की तबियत ठीक है ना? आज मुझे डांटा नहीं." आणि दुसरे भाऊजी. एकटे कधी बाजारापलीकडे न गेलेले भाऊजी एका भर दुपारी अमरावतीला आमच्या दारात उभे राहिले. पाणी प्यायले, चष्मा पुसला.

"जूनपासून मेस बंद करतो म्हणते तुमची ताई," ते म्हणाले. "पोट्ट्यांले दुसरीकडं सोय पाहा म्हणून सांगतलं तिनं. काल परातीत पीठ घेऊन बसली अन् पाणी किती घालाचं तेच तिले उमजेना. रडली. म्हणे, माह्यात आता काही उरलं नाही."

माझा नवरा म्हणाला, "पण भाऊजी, ताई तर आता किती शांत..."

"शांत?" भाऊजींचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "दिवाळीपासून मले एकदाबी बैताड म्हटलं नाही तिनं! माही बायको घरात हाये, पण मले सापडून नाही राहिली." आणि ते रडू लागले.

ताईंच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं शक्तीचं औषध आधीच घेऊन झालं होतं. इतकी उदासी म्हणजे मनाच्या डॉक्टरांनाच दाखवावं, असं ठरलं. ताई अमरावतीला यायला तयार झाल्या, पण रिक्षात पुन्हा पुन्हा तेच, "आळस भरला हाये माह्या आंगात. आळसाचं काही औषध नसते. काहून पैसा घालवून राहिले?" अमरावतीचे ते डॉक्टर मूळचे अकोल्याजवळच्या मूर्तिजापूरचे. झोप, भूक, रडणं, सगळं शांतपणे विचारत होते. थंडी वाजते का, म्हणाले. ताई बोलण्याआधीच भाऊजी म्हणाले, "कूलर सोडून गोधडी घेते."

डॉक्टरांचा पेन थांबला. "कुठं?"

"अकोल्याले."

"आता? या मे महिन्यात?" त्यांनी भाऊजींकडे, मग ताईंच्या सुजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनाचं औषध आपण नंतर पाहू. आधी रक्त तपासू." दुसऱ्या गावचा डॉक्टर असता तर त्यानं कदाचित ते नुसतं लिहून घेतलं असतं. अकोल्याचा मे म्हणजे काय, हे त्यांना अंगानं माहीत होतं.

रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी ताईंना समजावून सांगितलं. गळ्यात समोरच्या बाजूला थायरॉइड नावाची छोटी ग्रंथी असते, शरीराचा वेग तिच्या हाती. ती मंदावली की नाडी मंदावते, पोट मंदावतं, थंडी वाजते, झोप संपत नाही, शब्द आठवत नाहीत आणि मनही खाली बसतं. "तुम्ही आळशी नाही झालात, बाई. शरीरात जे तयार व्हायला पाहिजे ते कमी पडतंय."

ताईंनी गळ्याला हात लावून पाहिला. "म्हणजे मी येडी नाही झाली?"

"नाही. आणि मनाचाच आजार असता तरी त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्यालाही औषध आहे."

इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "पाहा वं," मला म्हणाल्या, "डोक्याच्या डॉक्टरकडं आलो, अन् निघाला गळा."

गोळी एवढीशी, पण सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर बराच वेळ चहा नाही. वऱ्हाडी माणसाला ही सजा फाशीच्या खालोखाल आहे. चार दिवसांत उड्या मारू लागाल असं समजू नका, काही आठवडे लागतील, रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढे दिवस भाऊजींनी मेस बंद होऊ दिली नाही. भाकरीला एक बाई ठेवली आणि वरण-भाजी स्वतः केली. आयुष्यात कधी गॅस न पेटवलेल्या माणसाचं ते वरण मुलांनी दोन-अडीच महिने खाल्लं आणि एकही मूल दुसरीकडे गेलं नाही. त्या पोरांतला एखादा पुढे डॉक्टर झाला तर त्याची सहनशक्ती कुठून आली हे मला माहीत आहे.

पावसाळा अर्धा सरला होता. एका सकाळी भाऊजींचा फोन आला. आवाज असा की माझ्या नवऱ्यानं सवयीनं फोन कानापासून लांब धरला. "म्हटलं! आत्ताच म्हटलं! वरण चाखलं अन् म्हणे, बैताड, मीठ कोण घालन, तुहा बाप?" पलीकडून मागे ताईंचा आवाज ऐकू येत होता, अजून जरा घोगरा, पण चांगलाच चढलेला. आम्ही दोघं फोनसमोर उभे राहून वेड्यासारखे हसत होतो.

हिवाळ्यात त्या आमच्याकडे आल्या. फ्रीजची झडती झाली, दोन डबे फेकले गेले, माझ्या आळसाचं मूळ माझ्या माहेरात शोधून झालं. दुपारी आम्ही दोघी सांबारवडीसाठी (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) कोथिंबीर निवडत बसलो होतो. मान खालीच ठेवून त्या म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यात सारे म्हणत, ताई किती चांगल्या झाल्या. मले आयकू ये."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मी मनात म्हणो, लोकाईले मी अशीच पायजे होती वाटते. गप्प. अन् मी तं आतून सरून राहिली होती, वं. वाटे, पुरी सरलो का लोक अजूनच चांगलं म्हणतीन."

मी त्यांचा हात धरला. तो उबदार होता. "ताई, तुम्ही वाईटच राहा," मी म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला, डोळ्यांना पदर लावला आणि मी निवडलेली अर्धी जुडी पुन्हा निवडायला घेतली.

गोळी रोज चालू आहे. मेस भरलेली असते. तरी कधीकधी एखादा दिवस त्यांना जड जातो. मग त्या ओट्याजवळच्या खुर्चीत नुसत्या बसून राहतात, नजर कुठंतरी लांब. अशा वेळी मी भाऊजींना पाहिलंय. ते हळूच येतात आणि मुद्दाम ओला टॉवेल त्यांच्या धुतलेल्या चादरीवर टाकतात, नाहीतर साखरेच्या डब्याला मिठाचं झाकण लावतात. मग तिथंच उभे राहतात. कधी ओरडा लगेच येतो. कधी यायला वेळ लागतो, आणि तोवर भाऊजी काही जागचे हलत नाहीत.